पहिला सर्व्हर, कुठलं लिनक्स?

ऑफिसातली नवी मुलं हमखास विचारतात, "पहिला वेब सर्व्हर टाकायचाय, कुठलं लिनक्स घेऊ?" की लगेच अमुक फास्ट, तमुक लाइट सुरू! खरं सांगू? छोट्या साइटला त्यानं काडीचाही फरक पडत नाही. अपाचे सगळीकडे तेच.

पण सर्व्हर चोवीस तास इंटरनेटवर उघडा असतो. म्हणून बघायचं ते हे: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, आणि तो शब्द कोण देतंय? सेंटओएस ८ चा वायदा २०२९ पर्यंतचा होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, २०२१ अखेर दुकान बंद! फुकटच्या गोष्टीसाठी भांडणार कुणाशी?

उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर २ वर्षांनी येते, अपडेट ५ वर्षं. डेबियनची ३, वर एलटीएसची २. डेबियन कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, १९९३ पासून स्वयंसेवकच ते चालवतायत. म्हणून माझं मत डेबियनला.

मात्र शेजारच्या खुर्चीतला मित्र उबुंटूवाला असेल, तर बिनधास्त उबुंटू घ्या. दोन्हीकडे पॅकेज टाकायला 'एप्ट'च, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. आणि रात्री दोनला साइट झोपली, की डिस्ट्रोपेक्षा फोन उचलणारा माणूस जास्त कामाचा!