शिझुओकाच्या टेबलावरचे इंजिन

मुलगा जपानात हमामात्सू शहरी नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. सुनेने खीर केली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावून आम्ही पाच जणांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. जपानात बुद्धजयंती ८ एप्रिललाच होऊन जाते. त्यामुळे खिरीची वाटी घेऊन शेजारी गेलो तेव्हा त्या बाईंना आधी तिथीचा हिशेब समजावून द्यावा लागला.

त्या आठवड्याच्या शनिवारी एखादे मोठे विहार पाहावे, असे आमच्या मनात होते. नागपूरच्या भदंत सुरई ससाईंमुळे आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहारच येते. पण आमच्या दहा वर्षांच्या नातवाने वर्षभरापासून आजोबांसाठी एक बेत राखून ठेवला होता. “आजोबा, इंजिनं बघायला जायचं,” एवढेच तो म्हणाला. आमच्या ह्यांनी एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षे मेकॅनिक म्हणून काढलेली. ते लगेच चपला घालून तयार!

हमामात्सूहून शिझुओका साध्या गाडीने सव्वा तासावर आहे. वाटेत कानाया गावाच्या आसपास डोंगरउतारावर चहाचे मळे लागतात. मे महिना हा पहिल्या खुडणीचा, त्यामुळे उतारच्या उतार पोपटी झालेले. पुढे ओई नदीचे रुंद, गोट्यांनी भरलेले पात्र ओलांडले. फुजी पर्वत मात्र ढगांत होता. तो दिसला नाही याचे आम्हालाच वाईट वाटले. आजोबा-नातू प्लग आणि पिस्टनच्या गोष्टींत रंगलेले होते.

शिझुओका म्हणजे मोटारींच्या, विमानांच्या, जहाजांच्या लहान प्रतिकृतींचे गाव. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या जगभर माहीत असलेल्या कंपन्या याच परिसरातल्या. असे एकाच गावात का झाले? गावचे लोक सांगतात ते असे. इथे सेंगेन नावाचे मोठे शिंतो देवस्थान आहे. त्याच्या बांधकामासाठी तोकुगावा घराण्याच्या काळात दूरदूरचे सुतार, नक्षीवाले आणि लाखकाम करणारे कारागीर आणले गेले. काम वर्षानुवर्षे चालले आणि बरेच कारागीर इथेच राहिले. आबे नदीच्या खोऱ्यातले लाकूड हाताशी होते. मग फर्निचर आले, बाहुल्यांची इवली कपाटे आली, शाळेतल्या मुलांसाठी लाकडी विमाने आली. जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळाले. पुढच्याच वर्षी तामियांनी लाकडाचा धंदा सुरू केला आणि थोड्याच काळात ते लाकडी प्रतिकृतींकडे वळले. १९६० साली त्यांनी पहिला प्लास्टिकचा संच काढला, तो ‘यामातो’ या युद्धनौकेचा. त्यात नफा झाला नाही, तरी त्यांनी वाट सोडली नाही. पुढे १९७६ साली पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीची एक-बारांश प्रतिकृती काढली. त्या कामाच्या वेळी शुन्साकू तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती पार सुटी केली. हे ऐकून आमचे हे म्हणाले, “मग हा माणूस आपल्यातला!” (आम्ही परत आल्यावर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, हे तामिया गृहस्थ वयाच्या ९० व्या वर्षी वारल्याची बातमी वाचली.)

दरवर्षी मे महिन्यात इथे प्रतिकृतींचे मोठे प्रदर्शन भरते. जागा ‘ट्विन मेस्से’ नावाच्या सभागृहांची. एका भागात कंपन्यांचे झगमगाटी कक्ष होते. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. नातवाने ओढत नेले ते दुसऱ्या सभागृहात. तिथे हौशी मंडळांची टेबले मांडलेली होती, रांगांमागून रांगा. गावोगावची आणि परदेशांतलीही मंडळे आपापली कामे घेऊन आलेली. टेबलावर साधे कापड, पुढे मंडळाच्या नावाची पाटी आणि मागे खुर्चीवर स्वतः बनवणारा. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी ट्रकचालक, कुणी शाळकरी मुलगी. जो करतो तोच मांडतो आणि विचारले की तोच सांगतो.

एका टेबलापाशी हे थांबले ते पाऊण तास हलले नाहीत. तिथे एक चंदेरी मोटार होती. निस्सान कंपनीची १९६९ सालची स्कायलाइन २००० जीटी-आर, मूळ गाडीच्या एक-चोविसांश आकाराची, म्हणजे लांबीला जेमतेम १८ सेंटिमीटर. बॉनेट उघडे होते आणि आत तळहातावर दोन-तीन मावतील एवढे इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत, वर दोन कॅमशाफ्टची झाकणे, बाजूला तीन कार्बोरेटर, रेडिएटरचे होज, होजवर आवळलेले क्लिप, सगळे जागच्या जागी. बनवणारे गृहस्थ सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले. दुभाष्याचे काम नातवाने केले.

आम्हाला वाटले होते की दुकानातून खोका आणायचा, तुकडे चिकटवायचे, झाले काम. पण अशा पुष्कळ जपानी संचांत इंजिन नसतेच. पूर्वीच्या संचांत खेळण्याची विजेवरची मोटर आणि बॅटरी बसवायची असे. त्यासाठी जागा राखायची म्हणून इंजिन गाळले जाई. मोटर गेली तरी ती पद्धत राहिली. गाडी बाहेरून झकास आणि बॉनेट न उघडणारे. ज्यांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी छोटे कारागीर रेझिनची इंजिने ओततात आणि काही हौशी लोक स्वतःच ओततात. आमचे हे बँकवाले गृहस्थ त्या दुसऱ्या जातीचे. (लिहिताना हा शब्द आला खरा. इतकी वर्षे झाली तरी बोलण्यातून तो जात नाही.)

त्यांनी सगळी रीत सांगितली. आधी मूळ नग हाताने घडवायचा. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सळया कापून, कानसून, एकावर एक चढवून. त्यालाच चार महिने लागले. मग तो नग मऊ मातीत अर्धा पुरायचा, भोवती चौकट करायची आणि वरून सिलिकॉन रबर ओतायचे. ते घट्ट झाले की उलटून, माती काढून, दुसरी बाजू ओतायची. झाला दोन पाळ्यांचा साचा. रेझिन म्हणजे दोन पातळ द्रव. एकत्र केले की काही मिनिटांत तापते आणि दगडासारखे होते, म्हणून ओतताना हात जलद हवा. बुडबुडा राहिला की नग वाया. तो बुडबुडा नेमका नाजूक भागावरच येतो, असे ते म्हणाले, आणि तिथे उभे असलेले सगळेच हसले. ज्याचा त्याचा अनुभव असावा. निघालेला नग साबणाने धुवायचा, नाहीतर रंग धरत नाही. प्लास्टिकचा गोंद रेझिनला चालत नाही, वेगळा झटपट चिकटणारा लागतो. घासायचे ते पाण्यात आणि तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ छातीला वाईट. घरी मुले हा उद्योग करणार असतील, तर आयांनी एवढे ध्यानात ठेवावे.

इंजिन झाले म्हणजे काम संपले असे नाही. एकसंध बॉडीतून बॉनेट कापून काढायचे असते. पातीच्या पाठीने त्याच रेघेवरून हलक्या हाताने शेकडो वेळा ओढत राहायचे. एकदा जोर जास्त झाला की मडगार्डवर ओरखडा, आणि सगळे पहिल्यापासून. खालची पट्टी कापून इंजिन बसवायचे, पितळी तारेच्या बिजागऱ्या करायच्या. पलीकडच्या टेबलावरचा तरुण मात्र संगणकावर इंजिन काढून छपाईयंत्रातून रेझिनचे नग काढत होता. त्याचे काम जास्त रेखीव होते, हे कबूल केले पाहिजे. म्हाताऱ्यांनाही ते कबूल होते. ते त्याच्याकडून बोल्ट घेतात.

ह्यांचे मात्र या सगळ्याकडे अर्धेच लक्ष होते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातून सहा प्लगांकडे जाणाऱ्या वायरी ते न्याहाळत होते. खरी वायर ७-८ मिलिमीटर जाडीची, म्हणून इथे ती ०.३ मिलिमीटर. ह्यांनी टेबलावरचे भिंग मागून घेतले आणि ओठांत पुटपुटत मोजू लागले. एकदा मोजले, मान हलवली. मग उलट्या बाजूने मोजले. आणि मोठ्याने म्हणाले, “एक, पाच, तीन, सहा, दोन, चार!”

नातवाने आकडे जपानीत सांगितले आणि ते गृहस्थ खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. ओळीतल्या सहा सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा हा क्रम. ह्यांची हयात लेलँडच्या डिझेल इंजिनांत गेली. तिथे प्लग नसतात, डिझेलच्या नळ्या असतात, पण क्रम तोच. रोटर कोणत्या बाजूने फिरतो ते इंजिनाप्रमाणे बदलते, म्हणून ह्यांना दोनदा मोजावे लागले. दिवसभरात शेकडो लोकांनी गाडीचे फोटो काढले होते. पण वायरी मोजणारा हा पहिलाच, असे ते म्हणाले. मग दोघांचे काय चालले ते नातवालाही नीट सांगता येईना. एक मराठीत, दुसरा जपानीत. मधे फक्त कार्बोरेटर, गॅस्केट, मॅनिफोल्ड. बोटांनी टॅपेटचा गाळा दाखवणे चालले होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण डेपोतले बोलणे इतक्या आनंदाने करताना आम्ही ह्यांना पाहिले नव्हते.

परतीच्या गाडीत हे बराच वेळ गप्प होते. मग नातवाला एक गोष्ट सांगितली, जी आम्हालाही ठाऊक नव्हती. हे पाचवीत असताना शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले. ह्यांनी ज्वारीच्या चिपाडांची मोटार केली होती. रस्त्यावर बंद पडलेला एक ट्रक दोन दिवस पाहून, बॉनेट उचलता येईल अशी, आत चिपाडाचेच इंजिन. बाकी मुलांच्या वस्तू वर्गात टेबलावर मांडल्या गेल्या. ह्यांची गाडी गुरुजींनी हातात न घेता पायरीजवळ व्हरांड्यात ठेवायला सांगितली. दुपारी शेळीने ती खाल्ली.

“मग तुम्ही दुसरी केली?” नातवाने विचारले.

“नाही केली.”

नातू थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. आमच्याही तोंडून शब्द फुटेना.

जपानात हाताच्या कामाला मान आहे असे आपण सहज म्हणतो. पण तो मान तिथेही सर्वांना नव्हता, हे आपल्या वाचकांनी जाणून घेतले पाहिजे. देवळे बांधणाऱ्या सुताराचा हात पवित्र, पण कातडे कमावणाऱ्याचा आणि मेलेली जनावरे ओढणाऱ्याचा हात विटाळाचा. त्या लोकांना आज बुराकुमिन म्हणून ओळखतात. १८७१ च्या फर्मानाने तो दर्जा कायद्यातून गेला. वस्ती, लग्न आणि नोकरी यांतला भेद गेला नाही. १९२२ च्या मार्चमध्ये क्योटोत त्यांनी आपली ‘सुइहेइशा’ ही संघटना उभी केली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. बौद्ध विहारांनीही मृतांना धम्मनाम देताना त्यांच्यासाठी हीन अर्थाची अक्षरे वापरल्याचे आढळले आहे. ज्या तथागतांनी अखेरचे भोजन चुंद नावाच्या लोहारपुत्राच्या घरी घेतले आणि त्याला कुणी दोष देऊ नये असे आनंदाला बजावले, त्यांच्या नावाने चाललेल्या विहारांत हे घडले. मुलगा म्हणाला, इथे हा विषय कुणी काढत नाही. आम्ही म्हटले, आपल्याकडे तरी शेजारी कुठे काढतात!

निघताना त्या गृहस्थांनी खोक्यातून एक इंजिन काढून कागदात गुंडाळून दिले होते. ओतताना बिघडलेला नग. दुसऱ्या कार्बोरेटरवर बुडबुड्याचा खड्डा. त्यांनी दोन्ही हातांनी दिले, ह्यांनी दोन्ही हातांनी घेतले.

आता ते इंजिन आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर असते. खड्डा ह्यांनी भरून कानसला आहे. चष्म्यावर भिंग लावून रोज सकाळी वंदना झाली की तासभर बसतात. प्लगची चार भोके पाडून झाली. पाचव्या वेळी ०.३ चा ड्रिल मोडला आणि तेवढा बारीक आमच्या गावात मिळाला नाही. मुलाला निरोप धाडला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येईल तेव्हा आणील. तोवर वायरी वाटीत भिजत न पडता कोरड्या राहाव्यात म्हणून त्या बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या आहेत. बांगड्या आम्ही दुसरीकडे हलवल्या.