कातळाखालची ऊब

त्या हिवाळ्यात मी कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वाटेनं निघाले होते. एसटीनं, जमेल तिथं पायी, आणि एकटी. वज्रेश्वरी-अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी, शेवटी राजापूरजवळचं उन्हाळे. नकाशात या गावांवरून बोट फिरवलं की सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून उत्तर-दक्षिण जाणारी एक रेघ तयार होते. जमिनीवर ती कुठंच दिसत नाही. मला ती अंगानं ओळखायची होती.

वाटेत नेहमीचंच कोकण. जांभ्याचे गडगे, आंब्याची कलमं, भात कापून उघडे पडलेले मळे. एकटं चालताना सुरुवातीला डोक्यातली बडबड संपता संपत नाही. ती ओसरली की मग सावलीतला गारवा आणि वाऱ्यातली ओल कातडीला वेगवेगळी कळायला लागते. आरवलीला कुंड दिसायच्या आधी नाकाला गंधकाचा पुसट वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले.

तुरळला पोचले तेव्हा उजाडत होतं. पाण्यावरून वाफ उठत होती. कुंडावर एक म्हातारी बसली होती. मला उतरताना पाहून म्हणाली, "बाय, एकदम उतरू नको. आधी पाय बुडव." मी काठावर बसून पाय सोडले. आधी चटका, मग ऊब, आणि ती घोट्यांतून पोटऱ्यांकडे सरकत गेली. डोळे मिटले. बाहेर पौषातली थंडी, आणि खालून कुणीतरी न थांबता ऊब पाठवतंय. कुणाच्या तरी अंगाला टेकून बसावं तशी मी त्या जमिनीला टेकून होते. मी रडले. दुःख काहीच नव्हतं. म्हातारीनं पाहिलं, पण विचारलं नाही.

कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. इथला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, कधीच निवलेला. ही ऊब येते खोलीतून. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तापतं, आणि वाट मिळेल तिथून परत वर येतं. तळातली ती उष्णता काही पृथ्वी घडली तेव्हापासून उरलेली, तर काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून अजूनही निर्माण होणारी. हे ठाऊक असल्यामुळे माझा तुरळचा अनुभव उणा झाला नाही, उलट त्याला तळ मिळाला. पृथ्वीच्या जन्मवेळची धग माझ्या तळपायांना लागली होती. याहून मोठी कुठली शक्ती मी शोधायला जाणार?

म्हणूनच कुंडाशेजारी देऊळ दिसलं की मला ते अगदी योग्य वाटतं. उन्हाळे गावात महालक्ष्मीच्या देवळापाशी गोमुखातून कोमट धार पडते. मी आधी देवीला हात जोडले, मग त्या धारेखाली डोकं धरलं. ज्यांनी पहिल्यांदा इथं कुंकू वाहिलं, त्यांना या जमिनीचं अंग जिवंत आहे हे भूगर्भशास्त्राच्या कितीतरी आधी उमगलं होतं, असं मी मनापासून मानते.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. काही कुंडांभोवती शाम्पूच्या पुड्या आणि साबणाचे कागद साचलेले होते. वर्षानुवर्षं खोल कातळातून फिरून आलेलं पाणी, त्याच्या तोंडाशी हा कचरा! तुम्ही गेलात तर थंडीत जा, पहाटे जा, जमलं तर एकटे जा. साबण घरीच ठेवा. आणि उन्हवऱ्याला पाणी वर येतं तिथं हात घालू नका. ते जवळपास ७० अंशांचं असतं, भाजतं.