दुबईत नवरदेवाचं टेबल

2020 च्या करारानंतर इस्राएलहून दुबईला थेट विमानं सुरू झाली. म्हणून आमच्या घरचं रिसेप्शन तिथंच ठरलं. लोदचे आजी-आजोबा आणि ठाण्याचे मामा-मामी, दोघांनाही मध्यावर. हॉलवाल्यानं नवरदेवाच्या टेबलावर मोठा केक सुचवला. आम्ही म्हटलं, मलिदाच हवा! त्याला चूलही लागत नाही: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. सगळं बर दुबईच्या मीना बाजारात मिळालं. बाजूला पाच फळं मांडली. मुलांनो, खजुरावर ‘हाएत्स’ची बेराखा, केळ्यावर ‘हाअदामा’ची, लक्षात ठेवा! जेवणात मटण होतं, म्हणून चिकाचा हलवा नारळाच्या दुधातला. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मलिदा वाटला. इस्राएलात जन्मलेल्या पोरांनी तो मागून मागून खाल्ला. आजींना आणखी काय हवं!