पायरीचे नाव



देह जाणार, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मनाला खरी टोचणी असते ती पुढची. आपण गेल्यावर आपले नाव कोण घेणार? श्राद्धात पिंड तीन पिढ्यांना. बाप, आजा, पणजा. चौथ्याला वेगळा पिंड नाही. म्हणजे पोराबाळांच्या भरवशावर ठेवलेले नाव फार तर तीन पिढ्या चालायचे. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकाचे आयुष्य तर त्याहून थोडे. महिनाभरात त्याच जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक चढतो.

मग संतांनी आपल्यामागे काय ठेवले?

नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारात पायरी मागितली. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी, एवढीच इच्छा. शके 1272 च्या आषाढ वद्य त्रयोदशीला ते परिवारासह तिथे समाधिस्थ झाले, अशी परंपरा सांगते. त्यांनी पाय मागितले. वारकऱ्याने माथा दिला. त्या पायरीवर आजही कोणी पाय ठेवत नाही.

समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. ढिगाऱ्यातून कोणाची हाडे कोणती, हे ओळखू येईना. नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते उचलले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. या कथेचा अर्थ मला असा लागतो, की माणूस जे रोज करतो तेच त्याच्यामागे उरते. ज्यांना हयातीत मंदिरात पाऊल टाकू दिले नाही, त्यांची ओळख त्यांच्या नामाने पटवली.

आळंदीचे हैबतबाबा पाहा. सातारा जिल्ह्यातील आरफळचे, शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यांच्या लढाया आज किती जणांना ठाऊक आहेत? पण माउलींच्या पालखी सोहळ्याला त्यांनी लावलेली शिस्त लाखो पावलांना ठाऊक आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व अजून सोहळ्यात चालतात. कार्तिकीला माउलींचा समाधी सोहळा सुरू होतो तो महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने.

आमच्या वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला. मागोमाग दूध संघ, शाळा, महाविद्यालय आले. त्यांचे नाव पाट्यांवर आहेच. पण पाटी वाचता न येणारी म्हातारीसुद्धा डेअरीत दूध घालून येताना ‘तात्यासाहेबांची पुण्याई’ म्हणते. ती आठवण पाटीवाचून टिकते.

हे झाले मोठ्यांचे. साध्या माणसाचे काय?

आमच्या दिंडीतले एक टाळकरी बारा वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाले. पोटी मूल नाही, म्हणून श्राद्ध घालणारेही कोणी नाही. पावली खेळताना टाळ अंमळ उशिरा मिटायची त्यांची लकब होती. त्याने चालीला असा काही डौल यायचा, की दमलेले पायही उचलत. आज एकादशीच्या भजनात दहा-बारा वर्षांची पोरे तसाच टाळ मिटतात. त्यांनी त्यांना पाहिलेले नाही. आपल्याहून मोठ्या पोरांकडून उचलले. त्या टाळात मला माझा सोबती दिसतो, आणि गळा दाटतो. पोरांना कोणी दिसत नाही. माझ्यानंतर तो कोणालाच दिसणार नाही.

हे दुःख आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. सोबत्याची जागा भरत नसते. पण विचार केला म्हणजे वाटते, नामदेवरायांनी पायरी मागितली ती याचसाठी असेल. पायरीचे काम वर चढवण्याचे. चढणाऱ्याला तिचे नाव ठाऊक नसले तरी तो वर पोचतोच. संतांचे नाव राहिले ही देवाची कृपा. आपला ठेका राहिला तरी आपण भरून पावलो.

तेव्हा माउली, घरी कोणाचे पुण्यस्मरण असेल तर कीर्तन जरूर ठेवा, चार माणसांना जेवू घाला. त्याबरोबर एवढेच करा. गेलेला माणूस जे एक काम नेमाने करी, ते घरातल्या कोणीतरी उचला. सांजेचा हरिपाठ असेल, सप्ताहात विण्याचा पहारा असेल, वारीच्या वाटेवर पाणी देणे असेल. फोटोचा हार संध्याकाळी सुकतो. नेम उचलला, तर ते माणूस रोज घरात असते.