नोंद आणि दर्शन : वारणानगरच्या निमित्ताने

आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत मराठी समीक्षेला सहसा मानवत नाही. मर्ढेकरांनंतरच्या सौंदर्यविचाराने घाटाची चर्चा केली तीही बव्हंशी ही दोन अंगे सोलून वेगळी करता येत नाहीत, या भूमिकेवरून. संगणकप्रणालीच्या रचनाशास्त्राने मात्र हीच फारकत शिस्त म्हणून स्वीकारली. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७८-७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात तिची मांडणी केली. मॉडेल म्हणजे नोंदींचा व त्यांच्या नियमांचा गाभा. व्ह्यू म्हणजे त्या गाभ्याचे पडद्यावरील दर्शन. कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याची कृती आत पोचविणारा दुवा. गाभ्यात काही बदलले की गाभा एवढेच पुकारतो की बदल झाला. कोण, कोणत्या रूपात तो दाखवील, याची चौकशी त्याने करावयाची नाही.

ही फारकत कितपत साधते हे तपासण्यास वारणानगरइतके उद्बोधक उदाहरण विरळा. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तेथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला आणि परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी वारणेच्या सहकारी संस्थांशी जोडली गेली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, खताची उचल हे सारे गावातच कळू लागले. पुढे जुने संगणक सांभाळणे खर्चाचे झाले. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधनकेंद्राने ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग सात गावांत आठ महिने केला. त्यावरील निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्याकडील संगणकाला एक मोबाइल जोडला. शेतकऱ्याने संदेश पाठवावा, उत्तर संदेशानेच यावे. पडदा गेला, तक्ता गेला, छापील कागद गेला; वजन मात्र तेच राहिले. फारकतीच्या पुरस्कर्त्यांना याहून चोख पुरावा नको.

पण येथेच थांबणे घाईचे होईल. गावातील केंद्रावर कळफलक शेतकऱ्याच्या हाती सहसा नसे. चालक विचारी, चालकच वाचून दाखवी. म्हणजे शेतकऱ्यापुरता व्ह्यू हा पडदा नव्हताच, चालकाचे बोलणे हा होता. ‘एवढेच कसे भरले?’ असे त्याला विचारता येत होते, आणि उत्तर मिळो न मिळो, प्रश्न कोणाच्या तरी कानी पडत होता. संदेशात आकडा येतो; हरकत नोंदविण्यास जागा नसते. माध्यम बदलताना आशय अबाधित राहिला असे म्हणणारा आशय म्हणजे केवळ आकडा असे आधीच ठरवून बसलेला असतो. (‘उतारा’ हा एकच शब्द साखरेला, सातबाऱ्याला आणि परीक्षेतील परिच्छेदाला चालतो, हे येथे आठवावे. तिन्ही ठिकाणी काय काढून घ्यावे हे दुसऱ्यानेच ठरविलेले असते.)

याहून मूलगामी अडचण गाभ्याची आहे. कोणते रकाने असावेत हे ठरविणे हीच एक दृष्टी आहे. टन आणि तारीख यांना रकाना असतो. तोडणी लांबली म्हणून वाळलेल्या उसाच्या घटीला, किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तोडणी टोळीला द्यावी लागणाऱ्या ‘खुशाली’ला तो सहसा नसतो, आणि जे मॉडेलात नाही ते कोणताही व्ह्यू दाखवू शकत नाही. वापरणाऱ्याच्या मनातील प्रतिमा आणि संगणकातील प्रतिमा यांतील अंतर मिटावे, हा रीन्सकाउग यांचा मूळ हेतू होता. पण कारखान्याच्या शेती विभागाच्या मनातील प्रतिमा वेगळी आणि उत्पादकाची वेगळी. तो हिशेब धरतो तो फडाचा, लागण-खोडव्याचा, उचल वजा जाता हाती काय उरले याचा.

मे १९७९ च्या टिपणात रीन्सकाउग यांनी चार संज्ञा योजल्या होत्या : थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर. थिंग म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, वापरणाऱ्याला जिच्याशी कर्तव्य असते ती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील टिपणाच्या मथळ्यात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर एवढेच उरले. वारणेच्या बाबतीत ती गळालेली संज्ञा म्हणजे फडात उभा असलेला ऊस.