बंबाची रिसेल व्हॅल्यू

"9 किलो. खालची लोखंडी जाळी वेगळी काढून हं!"

मुरुडच्या घराच्या मागच्या पडवीत भंगारवाल्यानं तांब्याचा बंब काट्याला लावला आणि भाव सांगितला, 600 रुपये किलो. डाखाचं वजन वजा. म्हणजे 5 हजारांच्या आसपास. मी लगेच मोबाइलवर हिशेब मांडला. काय करणार, ऑफिसची सवय!

काकूच्या न्हाणीघराला टाइल्स लागल्या, भिंतीवर गीझर आला. बंब आता अडचण, असं घरात ठरलं आणि विकायचं काम माझ्या गळ्यात आलं.

तसं बघायला गेलं तर डिझाइन मस्तच. मधे उभं नळकांडं, त्यात विस्तव आणि भोवती सगळीकडून पाणी. चुलीवर भांडं ठेवलं की आच बाजूनं निसटते. इथे ती पाण्याच्या मधूनच वर जाते. सुक्या लाकडाच्या एका किलोत, विजेच्या भाषेत, 4 युनिटांहून जास्त उष्णता असते. 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 1 युनिटही लागत नाही. बाकीची बरीचशी धुराबरोबर जाते, हेही खरंच. पण काकूचं जळण म्हणजे वाडीतली नारळाची सोडणं आणि झावळ्या. बिल शून्य! धूरही फुकट, म्हणून बंब कायम पडवीत. बंद बाथरूममध्ये पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि पाणी न भरता पेटवलात, तर डाख सुटलाच समजा.

एवढ्यात मुंबईच्या मैत्रिणीचा मेसेज आला. "12 हजार देते. तळाला भोक पाडून त्यात पाम लावणार." व्वा, डबलहून जास्त! मी खुशीत काकूला सांगितलं.

"3 जून 2020 ला तू मुंबईत होतीस ना?" काकूनं एवढंच विचारलं.

निसर्ग चक्रीवादळ! अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या झोपवून गेलं. लाइट गेली ती कित्येक दिवस. शेजारी ओली बाळंतीण. पडवीत रचलेल्या कोरड्या सोडणांवर दोन्ही घरांचं पाणी याच बंबात तापलं.

माझ्या हिशेबात हा कॉलमच नव्हता.

"मग ठेवायचा का, काकू?"

"छे गं! रोज जळण कोण गोळा करणार? दे तिला. फक्त सांग, भोक पाडायचं नाही. आणि पुढचं वादळ आलं की परत आणून द्यायचा."

हे मैत्रिणीला कसं कळवावं, याचा विचार करत मी मोबाइल हातात घेऊन बसलेय. भंगारवाल्याचा दुसरा चहा चाललाय.