लांब चेन की आखूड?

पोकलेनच्या मॉडेलच्या नावाशेवटी 'एलसी' ही दोन अक्षरं असली की समजायचं, हिची चेन लांब आहे. नुसता आकडा असेल तर बहुतेक वेळा आखूड. गेल्या वर्षी आमच्या घरात या दोन अक्षरांवरून जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झालेली नाही.

दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, जुनं पोकलेन घ्यायचं होतं. वीस टनी. घणसोली गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. १९७० साली सिडको आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. हातात थोडा पैसा आला तेव्हा कुणी टँकर घेतला, कुणी डंपर, कुणी जेसीबी. जमीन गेलीच आहे, तर निदान ती उकरायचं काम तरी आपल्याकडे असावं, असा साधा हिशेब.

(पोक्लेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिची यंत्रं आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोनं बनवली आणि मग चेनवर चालणारं प्रत्येक खोदयंत्र, कुठल्याही कंपनीचं असो, पोकलेन झालं. झेरॉक्ससारखंच.)

दादाच्या डोळ्यासमोर दोन मशीन होती. एक पनवेलला: आखूड चेन, ६०० मिलिमीटरच्या प्लेटा. दुसरं कल्याणच्या बाजूला: एलसी, ८०० मिलिमीटरच्या प्लेटा. दोन्हींचं वय सारखं, तासही जवळपास सारखे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, एवढ्या भांडवलावर मला विचारण्यात आलं.

मी मोबाईलवर हिशेब केला. या वर्गातल्या आखूड चेनची जमिनीला टेकणारी लांबी साधारण सव्वातीन मीटर, लांब चेनची साडेतीन मीटरच्या थोडी पुढे. फरक हातभरही नाही. मशीनचं वजन भागिले दोन्ही चेनचं क्षेत्रफळ केलं की जमिनीवरचा दाब निघतो. आखूड चेन आणि ६००ची प्लेट: चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास. तीच प्लेट ठेवून चेन फक्त लांब केली तर ०.४७. पण लांब चेनवर ८००ची प्लेट लावली, तर मशीन जड होऊनही दाब ०.३७वर येतो. म्हणजे चिखलात तरायचं असेल तर लांबीपेक्षा रुंदी जास्त कामाला येते. लांबीचा खरा फायदा वेगळा: बूम पुढे ताणून जड काही उचलताना मशीन नाकावर येत नाही.

गंमत अशी, की साठ-पासष्ट किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा त्याचा दाबही ०.३५च्या आसपासच भरतो. एकवीस टनांचं धूड आणि आपण, चिखलाच्या दृष्टीनं सारखेच.

हे मी आबांना, दादाच्या वडिलांना, सांगितलं. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आबा तरुणपणी खाडीत निवट्या पकडायला जायचे. भरती उतरली की मांडीभर गाळात. त्यांचा नियम एकच: "खारीन उबा रायचा नाय. उबा रायला तो बुरला." पाय टाकला की लगेच दुसरा टाकायचा, वजन एका जागी बसू द्यायचं नाही. आणि त्यातूनही रुतलंच तर? "कंबरभर गेलास तं आरवा हो." आडवं होणं म्हणजे दुसरं काय, अंगाची चेन लांब करणं. समोर फ्लेमिंगो हेच करतात, फक्त त्यांच्या बोटांना पडदे असतात, म्हणून ते निवांत उभेही राहू शकतात. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली ही खाडी २०१५पासून त्यांचं अभयारण्य आहे, २०२२पासून रामसार स्थळसुद्धा.

मग आखूड चेन घ्यायचीच कशाला?

कारण मशीनला वळावं लागतं. पोकलेनला स्टिअरिंग नाही. एक चेन पुढे, एक मागे फिरवून ते जागच्या जागी वळतं आणि वळताना चेन जमिनीवर आडवी घासटते. चेन जितकी लांब, तितकं घासटणं जास्त. चिखलात हे जाणवत नाही, मुरमावर आणि कातळावर जाणवतं. पिना, बुश, रोलर झिजतात. रुंद प्लेटचं तर आणखी वाईट: तिची कड एखाद्या दगडावर आली की सगळं वजन त्या कडेवर, प्लेट वाकते, बोल्ट सैल होतात. चेनच्या मशीनवर आयुष्यभर जेवढी दुरुस्ती होते त्यातला निम्मा खर्च खालच्या सांगाड्याचाच, असं या धंद्यात मानतात. शिवाय एलसीच्या दोन चेनमधलं अंतरही जास्त असतं. रुंद प्लेटांसकट ते मशीन तीन मीटरपेक्षा जास्त रुंद भरतं. ट्रेलरवर चढवताना ते सुद्धा बघावं लागतं.

बर्फातल्या लोकांपुढेही हाच प्रश्न असतो. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी स्नोमोबाईल पाहिली असेल: पुढे दोन स्की, मागे एकच रबरी पट्टा. ज्यांना दाबून सपाट केलेल्या वाटांवर पळवायचीय ते १२० ते १३७ इंचांचा पट्टा घेतात, कारण तो पटकन वळतो. ज्यांना डोंगरातल्या भुसभुशीत बर्फात चढायचंय ते १४६ पासून १६५ इंचांपर्यंत जातात, पट्ट्यावरच्या उंच दात्यांसकट. लांब पट्टा बर्फावर तरंगतो, पण वाटेवर वळवताना हात भरून येतात. हे वाहन आज खेळणं वाटतं, पण त्याच्या मुळाशी खेळ नव्हता. कॅनडात क्युबेकमधल्या जोसेफ-आर्मान बोम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात दगावला. बर्फानं रस्ते बंद होते, त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालेल असं वाहन बनवण्याचा त्यांचा खटाटोप त्याआधीच चालू होता, त्यानंतर तो थांबला नाही. १९५९मध्ये त्यांनी स्की-डू बाजारात आणली.

तिकडे सल्ला देतात तो असा: वर्षातले जास्त दिवस ज्या बर्फात घालवणार, त्याच्यासाठी मशीन घ्या. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्याला."

पण सल्ला लागू होता. घणसोली स्टेशनवर उभं राहिलात तर पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी आणि मागे पारसिकचा डोंगर. तिकडे मुरूम आणि कातळ. पश्चिमेला गाव, सेक्टर, मग तिवरं आणि खाडी. दोन-तीन किलोमीटरच्या आत दोन वेगळ्या जमिनी. चेनचा निर्णय म्हणजे आपण कुठल्या दिशेला तोंड करून बसणार, याचा निर्णय होता.

दादाच्या जेसीबीची डायरी होती. तारीख, जागा, तास, पैसे. मी वर्षभराची पानं चाळली. जवळजवळ सगळं काम पूर्वेचं, नाहीतर सेक्टरमधल्या पायाखोदाईचं. माझ्या मते विषय संपला होता. दादानं एका वाक्यात उडवलं: "जेसीबी चिखलात जातच नाही, मग डायरीत चिखल येणार कुठून?" बरोबर होतं त्याचं. मग आम्ही त्यानं नाही म्हटलेली कामं आठवायला बसलो, व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज काढून. नाल्यांचा गाळ होता. पुलाच्या कामावर महिनाभराचं भाडं होतं. धारण तलावांचं काम निघेल अशी आशा होती, पण त्या तलावांत तिवरं उगवली आहेत आणि गाळ काढायचा तरी न्यायालयाची परवानगी लागते.

आणि एका ठेकेदाराचा निरोप होता. एलसी घे, रुंद प्लेट असू दे, चार महिन्यांचं काम माझ्याकडून पक्कं. कुठे? खाडीच्या अंगाला. कसलं? भरावाचं. कधी? रात्रीचं.

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आधी डेब्रिजचे डंपर तिवरांवर रिकामे होतात, मग पोकलेन तो ढीग पुढे लोटत त्याच्यावरूनच पुढे सरकतं. ताजा भराव भुसभुशीत असतो, आखूड चेन त्यात बसते. लांब चेन तरते. मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांच्या तोडीवर २००५मध्येच बंदी आणली, २०१८च्या निकालात तर तिवरं तोडणं हा जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला. भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यातही काही करायचं नाही. पकडलं तर मशीन जप्त होतं. हप्ता मात्र जप्त होत नाही, तो दर महिन्याला येतो.

दादाला हे सगळं ठाऊक होतं. तरी चार महिन्यांचं पक्कं काम म्हणजे काय, हे कर्ज काढणाऱ्यालाच कळतं. त्याला नैतिकता शिकवायला गावात कुणी रिकामं नव्हतं आणि मलाही तो अधिकार वाटला नाही. मी राहते ती सोसायटीसुद्धा कधीतरी भरावच होती. आबांनीही उपदेश केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, ते चार महिने झाले की त्या रुंद प्लेटा घेऊन तू डोंगराला कसा जाणार?

दादानं पनवेलचं घेतलं. आखूड चेन, ६००ची प्लेट. झारखंडच्या ऑपरेटरनं आल्या आल्या खाली वाकून रोलर हातानं चाचपले, प्लेटा मोजल्या आणि महापेच्या खाणीकडच्या कामावर मशीन नेलं. नरम जागेसाठी दादानं भंगारातून दोन जाड लोखंडी पत्रे आणलेत. ते चेनखाली अंथरून नाल्याच्या कडेची किरकोळ कामं होतात, फार लांब जाता येत नाही.

कल्याणचं एलसी त्याच आठवड्यात विकलं गेलं. कुणी घेतलं ते दादाला माहीत आहे. मी दोनदा विचारलं, तो सांगत नाही.